उताराचं पाणी, चढाचं पाणी

(जालना जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या बहिणींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



माझ्या आधी दोन भाऊ बोलले. पाण्याचे आकडे त्यांनी फार चांगले सांगितले. साठा किती, गाळ किती, उन्हाने उडून जातं ते किती. मी वहीत उतरवून घेतले. मला आयोजकांनी विषय दिला तो असा : 'पाणीप्रश्नाची स्त्रियांची बाजू'. म्हणजे प्रश्न मधोमध बसलेला आहे आणि त्याच्या एका बाजूला आपण, ताटातल्या कोशिंबिरीसारख्या. मला हे पटत नाही. पाणी तलावातून निघतं ते हंड्यात पडेपर्यंत सरकारच्या हिशोबात असतं. हंड्यात पडलं की हिशोबातून बाहेर जातं. तिथून पुढे ते बाईच्या डोक्यावर असतं, आणि डोक्यावरच्या पाण्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. त्या न झालेल्या नोंदीबद्दल मी बोलणार आहे. घाणेवाडीपासून सुरुवात करते, कारण तो तलाव इथल्या बहुतेकींनी पाहिलेला आहे.

घाणेवाडी जालन्यापासून दहाएक किलोमीटरवर. तिथे कुंडलिका नदीला बांध घातला आणि १९३० च्या दशकात, निजामाच्या राजवटीत, हे तळं झालं. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. आपला वेगळा जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडलं. तलावाच्या उभारणीत बेजोनजी फरीदूनजी जालनावाला या पारशी गृहस्थांचं नाव अजून आदराने घेतलं जातं. पुढे त्याला संत गाडगेबाबा जलाशय असं नाव मिळालं. (हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं आणि तळ्यात वर्षानुवर्षं गाळ साचू द्यायचा, हे आपल्याला छान जमतं.)

या तलावाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची जागा. तो शहराच्या वरच्या अंगाला आहे. पाणी नळात शिरतं आणि उताराने, आपल्याच वजनाने, खाली नव्या जालन्यात येतं. तलावातून शहरात यायला ना पंप लागतो, ना वीज. ज्यांनी जागा निवडली त्यांनी जमिनीचा उतार नीट वाचला होता. पहिल्यांदा मला हे कोणी समजावलं तेव्हा मी भिंतीवर उभी राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. कोणाचीही पाठ न मोडता पाणी माणसापर्यंत येऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

आणि हे शहाणपण काही तेव्हाच पहिल्यांदा सुचलं असंही नाही. 'जालना, सोने का पालना' असं जुनी माणसं म्हणायची. त्या भरभराटीच्या दिवसांत गावात पाच तलाव होते अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. जमशेदखान नावाच्या अधिकाऱ्याने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून पाणी वस्तीत आणलं. पुढे ती व्यवस्था मोडली. पाचांपैकी मोती तलावच काय तो उरला. नळ मोडल्यावर पाणी कोण भरत होतं हे गॅझेटियरमध्ये नाही. खानसाहेब भरत नसणार एवढं मी सांगू शकते.

तर घाणेवाडीचं पाणी उताराने शहरात येतं. आणि उतार कुठे संपतो? आमच्या वस्तीच्या तोंडाशी. तिथून पुढे चढ. सार्वजनिक नळापासून, टँकरपासून, हापशापासून घरापर्यंतचं जे अंतर आहे ते बाईने चढायचं. खेड्यांत तर उताराचा भाग नसतोच, विहिरीपासून घरापर्यंत सगळा चढ.

आता आपण हिशोब करू. घरात पाच माणसं. खेड्यासाठी माणशी चाळीस लिटर हे प्रमाण सरकारने पुष्कळ वर्षं धरलं होतं. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं तेव्हा ते पंचावन्न केलं. आपण जुनं, कमीचं धरू. पाच चाळीस दोनशे लिटर. हंड्यात पंधरा लिटर धरा. तेरा-चौदा खेपा झाल्या. एका खेपेला जायचं, नंबर लावायचा, भरायचं, यायचं, सगळं मिळून वीस मिनिटं. उन्हाळ्यात कोणाची खेप वीस मिनिटांत होते, हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.) तरी वीसच धरू. साडेचार तास झाले. रोजचे. यात धुणं नाही, गुरांचं पाणी नाही, रात्री दोन वाजता टँकर आला म्हणून मोडलेली झोप नाही. साडेचार तास म्हणजे शेतातल्या अर्ध्या रोजाहून जास्त. त्याची मजुरी कोणी देत नाही आणि त्याला कोणी कामही म्हणत नाही. 'तुमच्या मंडळी काय करतात?' 'काही नाही, घरीच असते.'

आणि हे बघा, पंचावन्न लिटरने धरलं तर खेपा अठराच्या वर जातात. प्रमाण वाढलं हे चांगलंच झालं. पण घरात नळ नाही आला तर वाढलेलं प्रमाण कोणाच्या चुंबळीवर येतं? कागदावर पाणी वाढलं की बाईची खेप वाढते. भावांनी मघाशी हा आकडा दिला नाही, म्हणून मी दिला.

मी १९७२ च्या दुष्काळात सात वर्षांची होते. आमचं गाव अंबड तालुक्यात. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. मला बरोबर नेत, कारण धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हतं. लिंबाला झोळी बांधलेली असायची, मी झोका द्यायचा आणि आई येताजाताना बघायची. दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलोच्या लाल भाकरी. आई डोक्यावर पाटी घेऊन बांध चढायची, माती टाकायची, उतरायची. बांध कसा घालतात हे मी तिच्याकडून शिकले. मधल्या पोटात काळी माती, कारण तिच्यातून पाणी जात नाही. बाहेरून मुरूम, वरून दगडांची फरशी. माती थराथराने टाकायची, पाणी मारायचं, दाबायची, मग पुढचा थर. ती शाळेत एक दिवसही गेली नव्हती.

असल्या कामांवर महाराष्ट्रात लाखो बाया होत्या. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. १९७७ मध्ये तो झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम आणि बाईपुरुषाला सारखी मजुरी, हे त्यात लिहून आलं. हा हक्क आपल्या आयांनी डोक्यावर पाट्या वाहून मिळवला आहे, हे नव्या मुलींना सांगत जा.

तलाव झाला. पाऊस आला, पाणी साठलं, जमिनीत मुरलं आणि खालच्या विहिरींना पाणी वाढलं. ज्याची विहीर त्याचं पाणी, आणि ज्याचं रान त्याची विहीर. आम्हाला रान नव्हतं. आई पुढची तीस वर्षं त्याच खालच्या रानांत खुरपायला जात होती. तिला त्याचा राग होता असं नाही. बांधावरून जाताना एकदा म्हणाली, "हे सगळं माज्या डोक्यावरून गेलंय माय." बस, एवढंच.

आता २०१२-१३ कडे येते. १९७२ नंतरचा सगळ्यात मोठा दुष्काळ म्हणून ते वर्ष ओळखलं जातं, आणि जालना जिल्हा त्याच्या ऐन मध्यावर होता. मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. घाणेवाडीचा तळ उघडा पडला. शहरात लोक ड्रमला कुलूप लावत होते. सोन्याला लावतात तसं पाण्याला कुलूप मी तेव्हा पाहिलं.

त्या वर्षातली एक गोष्ट मला सांगायची आहे. ती मी कुठल्या भाषणात आजवर सांगितलेली नाही. माझी मुलगी दहावीला होती. मार्चमध्ये परीक्षा. मुलगा कॉलेजात, सतरा वर्षांचा, घरीच असायचा. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की मी आतून ओरडायचे, "ऊठ गं, नंबर धर, मी आलेच." प्रत्येक वेळी मुलीला. ती पुस्तक पालथं घालून कळशी घेऊन पळायची. मुलगा तिथेच कॉटवर बसलेला असायचा. मी त्याला एकदाही उठवलं नाही. त्याने नकार दिला असं नाही हो, मी विचारलंच नाही. माझ्या तोंडात त्याचं नावच आलं नाही. तीन महिने. मी, वीस वर्षं स्त्रीमुक्तीच्या सभांना जाणारी बाई.

मुलगी पास झाली. गणितात कमी पडली, तिला सायन्सला जायचं होतं ते राहिलं. ती मला कधी काही बोलली नाही. गेल्या वर्षी तिच्याच घरी गेले होते. बेसिनच्या नळाला पाणी आलं तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, पाणी आलंय, टाकी भरता का?" आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. दुष्काळ आभाळातून येतो आणि नंबर धरायला मुलीला मी पाठवते. व्यवस्था व्यवस्था म्हणतो ती बाहेरच असते असं नाही, म्हणून सांगितलं.

पुढे जाते.

घाणेवाडीचा तळ उघडा पडला त्या काळात शहरातले लोक गाळ काढायला पुढे आले. घाणेवाडी जलसंरक्षण मंच या नावाने नागरिक एकत्र आले होते. व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी, साध्या माणसांनीही वर्गणी दिली. मशिनं लागली, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. या कामाला मी नावं ठेवणार नाही. सरकारची वाट न बघता लोकांनी आपला तलाव हातात घेतला, ही मोठी गोष्ट आहे. पुढे २०१७ मध्ये राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजनाच काढली.

गाळ म्हणजे घाण असं समजू नका. शेतांवरची वाहून आलेली वरची चांगली माती तळ्यात बसते, तोच गाळ. तो मुरमाड रानात टाकला की रानाचं सोनं होतं. तळ्याला जागा होते आणि शेतकऱ्याला माती मिळते. म्हणजे तळ्यात दोन गोष्टी साठतात, पाणी आणि माती. पाण्याचं आपण पाहिलं. माती कोणाकडे जाते?

इथे बसलेल्या एका बहिणीची हकिगत सांगते. तिने परवानगी दिली आहे, नाव मात्र सांगणार नाही. तिच्या नवऱ्याने दुष्काळातल्या कर्जापायी जीव दिला. दोन लहान मुलं. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. वर्षाने सासरेही वारले. वारसाची नोंद झाली ती दिराच्या एकट्याच्या नावाने. हिला कोणी सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. घरातल्या माणसाच्या तेराव्यात सातबारा काढून बघते का कोणी? दिराने तिला कसायला एक तुकडा दिला, मुरमाचा, वरच्या अंगाचा. पुढे जवळच्या तलावातला गाळ निघाला. दिराच्या रानात ट्रॉल्या येऊन पडल्या. ही कचेरीत गेली, म्हणाली, मलाही पाहिजे. समोरच्याने विचारलं, "सातबारा आणलाय का?" ती गप्प परत आली. आणि दुसऱ्या दिवशी दिराच्या रानात तोच गाळ फावड्याने पसरायला गेली. रोजाने.

राज्य सरकारने २०२३ मध्ये या योजनेत सुधारणा केली. अल्पभूधारक, अपंग, आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी आणि विधवा शेतकरी यांना गाळ नेण्यासाठी अनुदान आहे. विधवा हा शब्द शासन निर्णयात आला, बरं वाटलं. पण अनुदान रानाला मिळतं, आणि रान कागदावर कोणाचं आहे ते आधी बघतात. जिच्यासाठी योजना लिहिली ती तिच्या दारापर्यंत पोचतच नाही.

आता कायदा नीट ऐका, कारण घरात तुम्हाला उलटं सांगितलं जाईल. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, बापाच्या आधी मुलगा मेला तर त्या मुलाची विधवा आणि तिची मुलं ही बापाची पहिल्या वर्गाची वारस आहेत. दिराच्या बरोबरीने. हे आजचं नाही, १९५६ चं आहे. मुलींसाठी महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. आणि नवरा जिवंत असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीतून ते पुढे आलं. फेरफाराच्या आधी नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते. मुदत गेली तरी प्रांतांकडे अपील होतं, उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं. या बहिणीचं अपील आपण केलं आहे. निकाल लागलेला नाही. दिराने घरात बोलणं टाकलंय. जाऊबाई मात्र चोरून भाजी आणून देते.

तुम्ही म्हणाल, बाई पाण्यावरून निघाली आणि सातबाऱ्यावर गेली. अहो, पाणी सातबाऱ्यावरूनच वाहतं. २००५ च्या सिंचन कायद्याने कालव्यांवर पाणीवापर संस्था झाल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याची जमीन आहे तो. कापूस वेचणारी, खुरपणारी बाई त्या पाण्यावर राबते, पण संस्थेच्या सभेत तिला जागा जमिनीच्या कागदावरूनच मिळते.

आणि धरणात घर गेलं तरी तेच. २०१२-१३ च्या टंचाईनंतर जालना शहराला पैठणच्या जायकवाडीचं पाणी आलं. ते उताराने येत नाही, पंपाने चढवावं लागतं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्या धरणाचा पाया घातला, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकांना अर्पण झालं. दहा किलोमीटरच्या जवळपास लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे. डावा कालवा आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर भागातून पुढे परभणीकडे जातो. त्याने आपल्याकडे ऊस आला, पैसा आला, हे खरं आहे.

माझी मावशी त्या पाण्याखालच्या एका गावात दिली होती. गोदावरीच्या काठावर. उन्हाळ्यात नदी आटली की ती वाळूत खरबुजाची वाडी लावायची. चर खणायचा, खत घालायचं, वेल लावायचे, पहाटे पाणी घालायचं. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात ती स्वतः विकायची आणि तो पैसा तिच्या कनवटीला असायचा. नवऱ्याने कधी मागितला नाही, कारण ती बायकांची वाडी. गाव उठलं तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती सातबाऱ्यावरच्या जमिनीची, काकांच्या हातात. नदीच्या वाळूला सातबारा नसतो. वाडीचा एक पैसा मिळाला नाही, कारण ती वाडी कागदावर कधी नव्हतीच. नव्या गावठाणात मावशी साखर आणायलाही काकांकडे पैसे मागू लागली. पाणी खूप उतरलं की अजून त्या भागात जुन्या भिंती, देवळं वर येतात, लोक बघायला जातात. मावशी कधी गेली नाही. आपल्या नळाला ते पाणी आलं तेव्हा मी पहिली कळशी भरली आणि मला तिची खरबुजं आठवली. पाणी मी प्यायले. तुम्हीही पिता. तहानेवर काही उपाय नाही. पण ते कोणाच्या चुलीवरून वाहत आलं हे माहीत असू द्या.

गावोगावच्या पाणी समित्यांबद्दल मात्र आज फार बोलत नाही, वेळ झाला आहे. समितीत निम्म्या बायका असाव्यात असं आहे. बहुतेक ठिकाणी रजिस्टर सहीसाठी घरी येतं, आणि तुम्ही पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या हाताने सही करता. एक सांगते. पुढच्या वेळी रजिस्टर आलं की सही करायच्या आधी वरची पानं वाचा. वाचायला वेळ नाही म्हणालात तर रजिस्टर ठेवून घ्या, उद्या देते म्हणा. बघा कशी धावपळ होते ते.

आता कामाचं. मघाशी जेवणाच्या वेळी अकरा जणींनी नावं दिली, ज्यांच्या घरात वारसाची नोंद राहिली आहे किंवा परस्पर झाली आहे. येत्या सोमवारी आपण सगळ्या मिळून तलाठ्याकडे जाणार आहोत. एकटीने कोणी जायचं नाही. सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. जुना सातबारा आणि फेरफाराचा उतारा नसेल तर आपण तिथेच मागू. फी ज्यांना जमणार नाही त्यांनी मला आजच सांगा. सकाळी दहाला एसटी स्टँडवर. पाणी भरायचं राहील म्हणून येता येणार नसेल, तर त्या दिवशी घरातल्या मुलाला नंबर धरायला लावा.